तीन शतांश

“मूठ आवळा,” रक्त घेणारी म्हणाली, आणि बाईंनी ती निमूटपणे आवळली. दंडाला रबरी पट्टा करकचून बांधलेला होता. “अजून घट्ट. आता उघडा. आवळा. उघडा. आवळा. हं, आली बघा वर.” सुई इतक्या हलक्या हाताने आत गेली की कळलंही नाही. नळीत रक्त चढायला लागलं आणि बाई आपल्या मिटलेल्या मुठीकडे बघतच राहिल्या. रुग्णालयातल्या सगळ्या नोकरदारांची वर्षातून एकदा तपासणी होई, तळमजल्यावरच्या या खोलीत रांग लागे, आणि बाई दर वर्षी काही ना काही सबब काढून ती टाळत. यंदा कार्यालयाने तंबीच दिली म्हणून त्या आल्या होत्या. म्हणजे नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्या सुईच्या या बाजूला बसल्या होत्या. “हे तुम्हाला कोणी शिकवलं?” त्यांनी विचारलं. रक्त घेणारीला वाटलं, बाई कौतुक करताहेत. “थोरल्या सिस्टरांनी. या इमारतीत रक्त काढणारं जे कोणी आहे ते त्यांच्याच हाताखालून गेलंय. पाच वेळा आवळायची, सहाव्या वेळी धरून ठेवायची. शीर मग कुठे पळत नाही.” तिने कापूस ठेवून हात दुमडायला लावला आणि पुढच्या माणसाला हाक मारली. बाई उठल्या आणि टेबलाची कड धरून तिथेच थांबल्या. रांगेतलं कोणीतरी हळूच म्हणालं, बघा, डॉक्टरांनाच चक्कर आली.

चक्कर नव्हती ती. बाईंना त्या इमारतीत आंबटबाई म्हणत; तोंडावर नाही, पण जिन्यात, उपाहारगृहात, आणि एकदा तर चुकून एका पाकिटावरसुद्धा. बाईंना त्याचा राग नव्हता. नाव ठेवणाऱ्यांनी निदान विषय तरी नीट समजून घेतलाय, असं त्यांना वाटे. नऊ वर्षं त्यांनी एकच विषय धरून ठेवला होता: माणसाचं रक्त आंबट का होतं, आणि मुख्य म्हणजे कधीपासून व्हायला लागतं. शरीरातला साखरेचा कारभार बिघडला की ते चरबी जाळायला काढतं, त्या जळण्यातून आम्ल निघून रक्तात साठतं, आणि मर्यादेबाहेर गेलं की माणूस धापा टाकत बेशुद्ध पडतो. हे पुस्तकात होतंच. बाईंचं म्हणणं पुढचं होतं. हा घात एका दिवसात होत नाही. माणूस हिंडता-फिरता, हसता-बोलता असताना त्याचं रक्त कित्येक महिने आधीच किंचित आंबट झालेलं असतं आणि कोणालाच त्याचा पत्ता नसतो. किंचित म्हणजे किती, तर तीन शतांश. आम्ल मोजण्याच्या पट्टीवर निरोगी माणसाचा आकडा सात पूर्णांक सदतीस शतांश, प्रयोगशाळेत नुसतं ‘सदतीस’ म्हणत. आकडा जितका खाली तितकं रक्त आंबट. तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात दर तीन महिन्यांनी येणाऱ्या साखरेच्या एकशे चाळीस रुग्णांची सरासरी निघाली होती चौतीस. मधल्या तीन शतांशांवर बाईंची नऊ वर्षं उभी होती. निबंध छापायला गेला होता, आणि येत्या सोमवारपासून त्या एकशे चाळीस जणांना खाण्याच्या सोड्याच्या पुड्या सुरू व्हायच्या होत्या, रक्तातलं ते चोरटं आम्ल मारायला. पुड्या बांधूनही झाल्या होत्या. आज गुरुवार होता.

लिफ्टपाशी दोघंतिघं उभे होते, म्हणून बाईंनी जिना धरला. प्रयोगशाळा पाचव्या मजल्यावर. पहिल्या वळणापर्यंत त्यांनी स्वतःला बजावलं की उगीच घाबरण्यात अर्थ नाही. दुसऱ्या वळणावर त्यांनी हिशोब मांडला. दंड बांधला की हाताकडचं रक्त अडकतं. अडकलेल्या हाताला मूठ आवळायला-उघडायला लावणं म्हणजे कोंडून ठेवलेल्या माणसाकडून काम करून घेणं. स्नायू राबतात, हवा मिळत नाही, आम्ल सोडतात, आणि नेमकं तेच रक्त नळीत येतं. पहिल्या वर्षाच्या मुलांनाही हे ठाऊक असतं. बाईंनाही ठाऊक होतं. नऊ वर्षांपूर्वी वॉर्डाला दिलेल्या दोन पानी सूचनांत सहावी सूचना तीच होती: मूठ आवळायला लावू नये. खाली थोरल्या सिस्टरांची सही होती. निबंधातही तसं छापून येणार होतं. निरोगी माणसांचं रक्त मात्र बाई स्वतः घेत, वर प्रयोगशाळेत. धडधाकट माणसं, दोरीसारख्या शिरा, हात टेबलावर सैल सोडलेला. वॉर्डातल्या थकल्या-वाळल्या हातांच्या शिरा शोधायचं काम सिस्टरांचं. बर्फ किती, नळीत बुडबुडा आहे का, रक्त किती मिनिटांत वर आलं, हे सगळं बाई डोळ्यांत तेल घालून पाहत. नळीच्या अलीकडे एक हात असतो आणि त्या हाताला एक मूठ असते, हे पाहायला त्या एकदाही तिसऱ्या मजल्यावर उतरल्या नव्हत्या. तिसऱ्या मजल्याचं दार समोर आलं. दाराआड भांड्यांचा आवाज, कोणाचा तरी खोकला. त्या आत गेल्या नाहीत. आधी खात्री, मग बोभाटा, असं त्या स्वतःशी म्हणाल्या आणि पुढे चढत राहिल्या. दम लागला होता. दम लागला की त्यांना हटकून वडील आठवत, हे काही आजचं नव्हतं.

वडील चष्म्याच्या काचा घासत. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं चाक होतं आणि लाल भुकटीचं पाणी, आणि ती भुकटी त्यांच्या तळहाताच्या रेघांत अशी मुरलेली की साबणानेही जात नसे. सगळ्या गल्लीची नजर सरळ करणाऱ्या या माणसाची स्वतःची नजर त्या वर्षी कशी कोण जाणे बिघडली. आज घासलेला चष्मा परवा लागेना. नवा घासला की आठवड्याने तोही लागेना, आणि मधेच एखाद्या सकाळी पहिलाच पुन्हा लख्ख दिसायला लागे. ते हसत आणि म्हणत, काच इमानदार आहे, डोळाच लबाड झालाय. साखर चढली-उतरली की डोळ्याचा नंबर हलतो, हे तेव्हा घरात कोणाला माहीत असणार? खिडकीच्या कडेला चष्म्यांची रांग लागली होती, एकाच माणसाचे पाच चष्मे. पाणी पिण्याचं वेड लागल्यासारखे ते तांबेच्या तांबे रिचवत. मग तो वास आला. दहा वर्षांची ती त्यांच्या मांडीवर बसून वर्तमानपत्रातली अक्षरं लावत होती, आणि त्यांच्या श्वासाला पिकून उतरायला लागलेल्या फळाचा वास येत होता, गोड, जरासा शिळा. घरात फळ नव्हतं. तिने आईकडे जाऊन चहाडी केली: बाबा चोरून फळं खातात. आई एकदम गप्प झाली. त्या रात्री भिंतीपलीकडून आईचा आवाज आला, आणि चार दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. पाचव्या दिवशी दुपारी वडील अंथरुणावर पडून होते आणि कोणीतरी डोंगर चढत असल्यासारखा त्यांचा श्वास चालला होता, खोल, मोठा, न थांबणारा. जागचे न हलता ते चढत होते. उजवी मूठ घट्ट मिटलेली. तिला वाटलं, आहे, इथेच आहे, फळ मुठीत लपवलंय. एकेक बोट धरून तिने मूठ उघडली. आत काही नव्हतं. रेघांमध्ये लाल भुकटी तेवढी होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. ती चहाडी पुढे कधीतरी विषय बनली, विषयाची पदवी झाली, पदवीची प्रयोगशाळा, आणि प्रयोगशाळेत एक दिवस तीन शतांश सापडले, तेव्हा बाई यंत्रासमोर बसून ढसाढसा रडल्या होत्या. आम्लाबरोबरचा तो वास येण्याच्या कितीतरी आधी कळलं असतं, असं त्या रडण्याचं म्हणणं होतं. ते रडणं खोट्यावर होतं की काय, एवढंच आता पाहायचं उरलं होतं.

यंत्रावरचा माणूस बाईंच्याच वयाचा, जेमतेम बोलणारा. बाईंनी बाही वर केली आणि त्याला सांगितलं, आधी उजव्या हाताचं घ्या, मूठ सैल, शीर दिसली की पट्टा सोडून थोडं थांबून घ्या. मग डाव्याचं, पट्टा तसाच, पाच वेळा आवळून, सहाव्याला धरून. दोन नळ्या, दोन बर्फाचे पेले. यंत्राने पहिलं रक्त गिळलं, गुरगुरलं आणि कागदाची पट्टी बाहेर काढली: सदतीस. दुसऱ्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला असं बाईंना वाटलं, पण भिंतीवरच्या घड्याळात तेवढाच लागला होता. चौतीस. यंत्रावरचा माणूस त्या दोन पट्ट्या हातात धरून उभा राहिला. नऊ वर्षं त्याने हजारो पट्ट्या फाडून वहीत चिकटवल्या होत्या. त्याला सांगायला नको होतं. त्याने पट्ट्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या, आपल्या सदऱ्याची बटणं काढली, दोन्ही बाह्या दुमडल्या आणि बाईंपुढे हात पसरले. त्याचे आले अडतीस आणि छत्तीस. दोन तासांनी बाईंनी पुन्हा स्वतःचे घेतले: सदतीस, चौतीस. कुठल्यातरी एका वेळी यंत्र चुकावं म्हणून मन आतून किती केविलवाणं घुटमळत होतं, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं आणि त्याची लाजही वाटत होती.

मग तासभर बाई खिडकीपाशी बसल्या. खाली वाहनतळ, पलीकडे एका इमारतीवर पत्रा ठोकणारी माणसं. हातोडा आधी दिसे, आवाज मागाहून येई. गप्प बसणं किती सोपं होतं. कोणालाही काही कळायची शक्यता नव्हती. थोरल्या सिस्टर या महिनाअखेर निवृत्त होत होत्या, त्यांची मूठ त्यांच्याबरोबर घरी जाणार होती. सोड्याने रुग्णांचं फारसं बिघडलंही नसतं, सगळ्यांचं तरी नाही. पण त्या एकशे चाळिसात पंचवीसेक जणांची हृदयं आधीच थकलेली, आणि सोडा म्हणजे अंगात शिरणारं मीठच. पाय सुजणार, छातीत पाणी भरणार, आणि माणूस आडवा पडला की श्वासासाठी उठून बसणार. नसलेलं आम्ल मारायला दिलेल्या औषधाने कोणीतरी धापा टाकणार. हे चित्र बाईंच्या डोळ्यांपुढून हलेना. आपण अजून विचार करतोय म्हणजे नेमका कशाचा, असं त्यांनी स्वतःला विचारलं. उत्तर काही भूषणावह नव्हतं. त्या उठल्या, तोंड धुतलं आणि तिसऱ्या मजल्यावर उतरल्या.

थोरल्या सिस्टर वॉर्डाच्या टोकाच्या खोलीत जखमेवर बांधायच्या पट्ट्यांच्या गुंडाळ्या करत बसल्या होत्या. अंगाने जाड, बोटं मात्र निमुळती. तान्ह्या मुलाच्या डोक्यातली शीरसुद्धा त्या पहिल्या फटक्यात पकडत असं सगळे सांगत. बाईंना पाहून त्या उठायला लागल्या, कारण बाई कधी खाली येत नसत. बाईंनी त्यांना बसवलं, स्वतः स्टूल ओढून घेतलं आणि आडपडदा न ठेवता विचारलं की साखरेच्या रुग्णांचं रक्त त्या कसं घेतात. सिस्टरांनी सांगितलं. अगदी सरळ, अभिमानाने: पट्टा, पाच वेळा, सहाव्याला धरून. मग बाईंचा चेहरा पाहून त्या थबकल्या. बाईंनी खिशातल्या यंत्राच्या दोन कागदी पट्ट्या त्यांच्यापुढे ठेवल्या आणि जे होतं ते सगळं सांगितलं. सिस्टरांच्या मांडीवरची गुंडाळी उलगडत खाली गेली.

“कागद मी वाचला होता, बाई,” त्या म्हणाल्या. “सही करायच्या आधी वाचला होता. पण सात वाजता तुमचा बर्फाचा डबा खाली यायचा, साडेसातला वर जायचा. मधे पंधरा माणसं. एक आजीबाई येतात, त्यांचा हात तुम्ही पाहिलाय? नुसतं कातडं. शीर सापडेना तर कागद थोडाच शोधून देणार? तीन तीन वेळा टोचायचं त्यांना? मी म्हटलं, आवळा जरा मूठ. एका फटक्यात व्हायचं. त्यांना दुखायचं नाही.”

“तुम्ही मला सांगितलं असतं तर,” बाई म्हणाल्या, आणि म्हणता म्हणताच त्यांना त्या वाक्याची शरम वाटली.

“आणि तुम्ही विचारलं असतंत तर?” सिस्टरांच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं. “नऊ वर्षं झाली. दोन मजले खाली यायचं होतं. मी दारातच उभी असते सकाळी.”

सिस्टरांनी खाली पडलेली गुंडाळी उचलली, झटकली, टाकून दिली आणि नवी घेतली. मग त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या की एकशे चाळीस माणसं माझ्या हातून गेली आणि सगळी चूक गेली. त्यांचे डोळे भरून आले होते, पण हात गुंडाळत होते. बाईंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. माणसं चूक गेली नाहीत, त्या म्हणाल्या, आकडे गेले. आणि आकडे माझे आहेत. मग त्यांनी विचारलं की मूठ न आवळता अशा हातातून रक्त घेता येतं का. सिस्टरांनी नाक पुसलं आणि प्रश्न ऐकताच त्यांच्यातली शिकवणारी जागी झाली. येतं की. ऊन पाण्यात फडकं भिजवायचं, हात गुंडाळून खाली लोंबता ठेवायचा, दहा मिनिटं गप्पा मारायच्या. शीर आपणहून वर येते. पण माणसामागे दहा मिनिटं लागतात, आणि तुमच्या डब्याला घाई फार. बाई म्हणाल्या, डबा थांबेल.

रुग्णालयाचे प्रमुख, ज्यांना सगळे साहेब म्हणत, वाईट माणूस नव्हते. बाईंना प्रयोगशाळा त्यांनीच मिळवून दिली होती आणि तीन शतांशांच्या बातमीने त्यांची मान जागोजागी उंचावली होती. त्यांनी सहाही पट्ट्या चष्मा वर सरकवून पाहिल्या. मग समजुतीच्या सुरात म्हणाले की दोन माणसांच्या दंडांवरून नऊ वर्षांवर पाणी सोडायचं म्हणजे आततायीपणा आहे. सोडा सुरू करू, बाजूला पुन्हा तपासणीही करू, निघालंच काही तर पुढच्या निबंधात एक तळटीप टाकू. बाईंनी थकलेल्या हृदयांची यादी पुढे केली. सोमवारी सोडा द्यायचा नाही, त्या म्हणाल्या, आणि निबंध मी परत मागवतेय. आपला आवाज इतका शांत कसा, याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. साहेबांनी खुर्ची मागे रेटली. निबंध मागे घेतलात तर पाचव्या मजल्यावर तुमची पाटी राहील याची हमी मी देऊ शकत नाही, ते म्हणाले. धमकी म्हणून नव्हे, खरंच तसं होतं म्हणून. शेवटी साहेबांनी वाट काढली. निदान पत्रात लिहा की वॉर्डातल्या परिचारिकेने सूचना पाळल्या नाहीत, तुमच्यावर ठपका येणार नाही, आणि त्या तर निवृत्तच होताहेत.

“सूचना देऊन मी वर जाऊन बसले, साहेब,” बाई म्हणाल्या. “पाळता येतात का ते बघायला एकदाही आले नाही. पत्रात तेवढंच लिहीन.”

त्यांनी तसंच लिहिलं, तिथेच, साहेबांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर, अकरा ओळी. साहेबांनी पत्र वाचलं, घडी घातली, पाकिटात टाकलं आणि खिडकीकडे तोंड करून म्हणाले, सोड्याच्या पुड्या परत पाठवायला सांगतो. मग बाई दारापर्यंत गेल्यावर त्यांनी विचारलं, आता काय करणार. बाई म्हणाल्या, एकपासून सुरू.

घरी आई खिडकीपाशी जुन्या स्वेटराची लोकर उसवून गुंडा करत होती. वय चौऱ्याऐंशी, कान अर्धे, जीभ पूर्ण शाबूत. बाईंना सांगायचं नव्हतं, पण उसवलेल्या लोकरीचं दुसरं टोक आईने त्यांच्या हातात दिलं आणि हात अडकले की माणूस बोलतो. आईने सगळं ऐकलं. किती कळलं कोण जाणे. मूठ आणि पट्टा तिने दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, म्हणजे नऊ वर्षं पाण्यात गेली म्हण की. आई कधी मलमपट्टी करत नसे. बाई हसल्या. त्या म्हणाल्या, नऊ वर्षांचं जाऊ दे, मला वाटलं होतं बाबांचं आधी कळलं असतं. आईचा गुंडा फिरायचा थांबला.

“वास मलाही येत होता,” मग ती म्हणाली. “तू म्हणालीस फळं. मला वाटलं, पितात. कामावरचे लोक पाजत असतील. मी त्यांना नाही नाही ते बोलले. ते शपथा घेत होते आणि तोंडाला तो वास. चार दिवस अबोला मी धरला होता, त्यांनी नव्हे.” तिने लोकर हळूच ओढली. “वास खोटा नव्हता गं. आपण दोघींनी त्याचा भलताच अर्थ लावला.”

पन्नास वर्षं हे ती एकटी घेऊन बसली होती. बाईंना इतक्या वर्षांत वाटत आलं होतं की चहाडी आपली एकटीची. त्यांनी आईचा हात धरला आणि दोघी लोकरीत अडकलेल्या तशाच बसून राहिल्या. आणि त्या बसण्यात बाईंच्या मनात काहीतरी जागेवर येत गेलं. चौतीस हा आकडाही खोटा नव्हता. यंत्राने इमानाने मोजलं होतं. मोजलं होतं ते एका मुठीचं कष्टणं. खरं आम्ल, ज्याने वडिलांना जागच्या जागी डोंगर चढायला लावला, ते कुठूनतरी सुरू होतच असणार. कुठून, ते माहीत नव्हतं. ते महिनोन्‌महिने हळूहळू साठत नाही, असंही अजून म्हणता येत नव्हतं. पण आता त्याचा शोध कसा घ्यायचा ते बाईंना समजलं होतं: सवड काढून, शेजारी बसून. आईने विचारलं, सोमवारी लवकर उठवू का. बाई म्हणाल्या, सहाला.

सोमवारी सकाळी सातला बाई तिसऱ्या मजल्याच्या दारात उभ्या होत्या. थोरल्या सिस्टरांनी त्यांना नखशिखान्त न्याहाळलं आणि ऊन पाण्याचं घमेलं त्यांच्या हातात दिलं. म्हणजे कामाला लागा. बर्फाचा डबा कोपऱ्यात थांबला होता. पहिल्या खुर्चीवर त्या आजीबाई बसल्या होत्या, गेली नऊ वर्षं दर तीन महिन्यांनी येणाऱ्या. वहीत त्यांचे छत्तीस आकडे होते, आणि बाईंनी त्यांचा चेहरा आज पहिल्यांदा पाहिला: बारीक, मिश्कील, खालचे दात नसलेला. आजींनी पदर सावरला, हात पुढे केला आणि कोणी काही म्हणायच्या आत, परीक्षेत पहिलं उत्तर बरोबर येणाऱ्या मुलीच्या ऐटीत, मूठ घट्ट आवळली.

“आज आवळायची नाही, आजी,” बाई म्हणाल्या.

“मग शीर कशी मिळेल तुम्हाला?” आजींनी काळजीने विचारलं, आणि मूठ तशीच ठेवली. नऊ वर्षांची सवय होती. सिस्टर पुढे झाल्या, पण बाईंनी त्यांना खुणेने थांबवलं आणि त्या आजींसमोर जमिनीवर बसल्या. त्यांनी ती मूठ दोन्ही हातांत घेतली. अंगठा आधी उचलला, मग पहिलं बोट, मग मधलं. सुरकुतलेली, हट्टी, उबदार बोटं. शेवटचं बोटही उघडलं. आजींच्या तळहातावर काही नव्हतं. थोडा घाम होता, आणि नखांचे चार अर्धगोल उमटलेले. बाई त्या मोकळ्या हाताकडे नको इतका वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी तो फडक्यात गुंडाळला आणि दहा मिनिटं आजींच्या नातवंडांची, गुडघ्यांची आणि शेजारणीच्या भांडणांची सगळी हकीकत ऐकून घेतली. शीर आपणहून वर आली. सिस्टरांनी एका फटक्यात घेतलं. नळी घेऊन बाई स्वतः वर गेल्या आणि पट्टी घेऊन स्वतःच खाली आल्या.

सदतीस.

“तुमचं रक्त चांगलं आहे, आजी,” त्या म्हणाल्या. नऊ वर्षं हाच आकडा एखाद्या रुग्णाचा आला की त्यांना वाईट वाटत असे, हे त्यांना त्या क्षणी लख्ख आठवलं.

आजी विचारात पडल्या. “मग इतकी वर्षं ते बिघडलंय म्हणत होते ते?”

“चूक माझी होती.”

आजींनी मान हलवली, बाईंच्या गालाला आपला मोकळा हात लावला, आणि म्हणाल्या की जाऊ द्या, होतं असं. त्या उठल्या. बाईंनी कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर एकचा आकडा लिहिला, त्याच्यासमोर सदतीस, आणि फडकं पुन्हा ऊन पाण्यात बुडवलं. पुढच्या खुर्चीवर एक म्हातारबा येऊन बसले होते. त्यांनी हात पुढे केला आणि मूठ आवळली.